प्रकल्प नोंदी : अल्जिनेटच्या मण्यांत औषधाला नेमके कोण अडवते?

३ जून

नैसर्गिक पॉलिमरच्या हायड्रोजेलमधून औषध सावकाश आणि ठरावीक वेगाने सुटावे यासाठी सोडियम अल्जिनेटचे मणी तयार करून तपासायचे, असे आजच्या बैठकीत ठरले. हायड्रोजेल पाणी पिऊन फुगते, पण विरघळून जात नाही, कारण त्यातील लांब साखळ्या जागोजाग एकमेकींना बांधलेल्या असतात. अशा जेलचा उपयोग शरीरात करता येईल हे प्राग येथील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये मांडले, तेव्हा त्यांच्या हाती कृत्रिम पॉलिमर होते. आमचे काम तपकिरी समुद्रशैवालातील अल्जिनेट, कोळंबीच्या कवचापासून बनणारे कायटोसॅन आणि चिंचोक्यातील बहुशर्करा (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) या तिघांपुरतेच राहील. या तिन्हींपासून मणी करण्याचे काम साध्या तापमानाला आणि पाण्यातच होते, सेंद्रिय द्रावक किंवा विषारी जोडरसायन लागत नाही, हे त्यांचे मोठे बलस्थान आहे.

औषध म्हणून डायक्लोफिनॅक सोडियम घेतले आहे. सांधेदुखीचे रुग्ण ते महिनोन्‌महिने घेतात आणि जठराला त्याचा त्रास होतो, म्हणून ते आतड्यात सुटावे ही अपेक्षा रास्त आहे. अर्थात जठराची हानी केवळ गोळीच्या स्पर्शाने होत नाही. औषध रक्तात गेल्यावरही जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करते, त्यामुळे मण्यांनी हा त्रास पूर्ण टळेल असा दावा आम्ही करणार नाही.

प्रकल्पाचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. अल्जिनेट आणि डायक्लोफिनॅक यांच्यावरील लेखनात आलेख बहुधा एकाच वळणाचा असतो : आम्लात दोन तास रेषा तळाशी, पीएच ६.८ चे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आले की ती झपाट्याने वर. त्यावरून ‘जेल पीएच ओळखून औषध सोडते’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु डायक्लोफिनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ४ च्या आसपास आहे, म्हणजे आम्लात ते औषध भाररहित होते आणि स्वतःच विरघळत नाही. मग आम्लात औषधाला जेलने अडवले की औषध मुळात निघण्याच्या स्थितीतच नव्हते, हे एकाच औषधावरून कळणार कसे? यासाठी सुरुवातीपासूनच थिओफायलिन हे दुसरे औषध समांतर ठेवले आहे. त्याचा रेणू लहान असून या दोन्ही पीएचला तो जवळजवळ भाररहित राहतो आणि त्याची विद्राव्यता आम्लात वा बफरमध्ये फारशी बदलत नाही.

६ जून

शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात दोन ग्रॅम सोडियम अल्जिनेट, म्हणजे २ टक्के द्रावण केले. पाणी आधी जोरात ढवळत ठेवून पडणाऱ्या भोवऱ्याच्या कडेला भुकटी चिमूट-चिमूट भुरभुरली, तरच ती नीट भिजते. एकदम ओतल्यास बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासन्‌तास फुटत नाहीत. द्रावण झाकून रात्रभर ठेवले होते, कारण अडकलेले बुडबुडे मण्यात राहिले तर मणी तरंगतो आणि पुढे औषध सुटण्याच्या चाचणीत त्याचे वागणे इतरांपेक्षा वेगळे दिसते.

औषध मिसळून हे द्रावण २१ गेजच्या सुईतून २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या हळूहळू ढवळत्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले. सुईचे टोक आणि द्रावणाचा पृष्ठभाग यांतील अंतर साधारण पाच सेंटिमीटर ठेवल्यास मणी गोल येतात. सुई फार खाली आली तर थेंबाला शेपटी राहते आणि फार उंच गेली तर थेंब आपटून चपटा होतो. चांगला थेंब पृष्ठभाग ओलांडताना क्षणभर बशीसारखा पसरतो, बुडता बुडता गोल होतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्याच्यावर पातळ कातडी धरलेली असते. त्या वेळी मणी चिमट्याने दाबला तर आतला भाग अजून पातळच असल्याचे कळते.

हे असे का घडते, याची नोंद पुढच्या प्रयोगांसाठी आवश्यक आहे. अल्जिनेटच्या साखळीत मॅन्युरोनिक आणि गुलुरोनिक ही दोन आम्ले असतात. गुलुरोनिकचे सलग तुकडे नागमोडी असल्याने दोन साखळ्या समोरासमोर आल्या की मध्ये खोबण्या तयार होतात आणि त्यांत कॅल्शियमचे आयन जाऊन बसतात. १९७३ मध्ये मांडल्या गेलेल्या या रचनेला अंड्यांच्या खोक्याचे नाव मिळाले आहे. कॅल्शियम बाहेरून आत शिरतो, त्यामुळे मण्याचा बाहेरचा थर दाट आणि गाभा विरळ राहतो. एकाच मण्यात जेल सर्वत्र सारखे नसते, ही गोष्ट ‘जेलचा वेग’ असा एकच आकडा सांगताना विसरता कामा नये.

कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीवरील पाण्याचे प्रमाण वाचूनच वजन करावे, अशी सूचना प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहिली आहे. दोन रेणू पाणी असलेल्या क्षाराचा रेणुभार १४७ आहे आणि निर्जलाचा १११. त्यामुळे ‘२ टक्के’ इतकेच लिहिले तर दुसऱ्या माणसाला आयनांची संख्या कळत नाही.

११ जून

पाऊस लागला आहे. ओले मणी काचेच्या बशीत पसरून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवले. ओला मणी अडीच-तीन मिलिमीटरचा असतो, तो वाळून जेमतेम एक मिलिमीटरचा खडा उरतो. मुंबईच्या या दिवसांत बाहेरची हवा इतकी दमट आहे की ओव्हनमधून काढून वजन करेपर्यंत वजनकाट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. म्हणून मणी डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) गार करायचे, वजनासाठी झाकणाच्या बाटल्या वापरायच्या आणि प्रत्येक गटाची उरलेली आर्द्रता वेगळी मोजायची.

१४ जून

मण्यांत किती औषध शिल्लक राहिले ते पाहिले. वाळलेले मणी पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण विरघळवले, द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढले आणि डायक्लोफिनॅकसाठी २७६ नॅनोमीटर तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा) घेतला. अंदाजाप्रमाणे थिओफायलिन मोठ्या प्रमाणात कॅल्शियमच्या द्रावणातच निसटले होते. त्याचे कारण सरळ आहे : ओल्या अल्जिनेट जेलच्या जाळीतील पोकळ्या साधारण ५ ते २०० नॅनोमीटरच्या असतात आणि या औषधांचे रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास. प्रथिनासारख्या मोठ्या रेणूला ही जाळी अडवू शकते, थिओफायलिनला नाही.

उपाय म्हणून पुढील गटांसाठी कॅल्शियमचे द्रावण आधीच थिओफायलिनने संपृक्त करून घेतले आहे, म्हणजे आत आणि बाहेर औषधाची पातळी जवळजवळ सारखी राहील व बाहेर पडण्याची ओढच उरणार नाही. तसेच मणी त्या द्रावणात ठेवण्याचा वेळ तीस मिनिटांवरून दहावर आणला. यात जेल थोडे कच्चे राहते. ही किंमत मोजूनच पुढे जावे लागेल.

१९ जून

डायक्लोफिनॅकच्या मण्यांची पहिली पूर्ण चाचणी झाली. बास्केटचे (माध्यमात फिरणाऱ्या जाळीच्या टोपलीचे) उपकरण, ९०० मिलिलिटर माध्यम, तापमान ३७ अंश (अर्ध्या अंशाच्या आत), १०० फेरे प्रति मिनिट. आधी दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, नंतर पीएच ६.८ चे फॉस्फेट बफर. पॅडलऐवजी बास्केट घेतली, कारण मणी पात्याच्या प्रवाहात वर येऊन काचेला चिकटतात. मात्र फुगलेले मणी बास्केटची जाळी बुजवू शकतात, म्हणून एका बास्केटमध्ये थोडेच मणी ठेवले.

आलेख अगदी ठरलेल्या वळणाचा आला. आम्लात अत्यल्प औषध सुटले. बफरमध्ये मणी फुगले, कडा धूसर झाल्या आणि तीन-चार तासांत बहुतेक औषध बाहेर होते. मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहून इतकेच विचारले, “यातले जेलचे किती आणि औषधाचे किती, हे तू या कागदावरून दाखवू शकतेस का?” दाखवता येत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी दुसरी दोन उपकरणे आज समांतर चालू होती. त्यांत कुठलेही जेल नसलेली डायक्लोफिनॅकची नुसती भुकटी बास्केटमध्ये ठेवली होती. त्या भुकटीची आम्लातील रेषा मण्यांच्या रेषेला जवळजवळ चिकटून धावली.

हे अपेक्षितच होते. आम्लात डायक्लोफिनॅकची विद्राव्यता प्रति मिलिलिटर काही मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. आम्ही ९०० मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम औषध घेतले होते, ते सर्व विरघळायचे तर प्रति मिलिलिटर सुमारे ५५ मायक्रोग्रॅम विरघळावे लागेल. माध्यमात जागाच नसेल तर औषध मण्यात असो वा उघडे, ते घन रूपातच राहणार. सिंक अवस्था (सर्व औषध सहज विरघळेल इतके पुरेसे माध्यम) नसलेल्या चाचणीतून जेलच्या गुणांबद्दल बोलणे योग्य नाही, हे प्रबंधातील या आलेखाखाली स्पष्ट शब्दांत लिहायचे आहे.

२४ जून

थिओफायलिनच्या मण्यांची चाचणी. शंभर मिलिग्रॅम औषध ९०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे त्याच्या विद्राव्यतेच्या (साधारण ८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) खूपच खाली; इथे सिंक अवस्थेची अडचण नाही. मोजमाप २७१ नॅनोमीटरला.

निकाल डायक्लोफिनॅकपेक्षा पूर्ण वेगळा आहे. आम्लात पहिल्या अर्ध्या तासात रेषा उठली आणि दोन तासांत निम्म्याहून अधिक थिओफायलिन बाहेर आले. मणी मात्र आम्लात फुगले नाहीत. वाळलेला खडा थोडे पाणी पिऊन घट्ट राहिला, कारण आम्लात अल्जिनेटवरील कार्बॉक्सिल गटांचा ऋणभार नाहीसा होतो, साखळ्या एकमेकींना ढकलत नाहीत आणि जेल आकसते. म्हणजे ‘आम्लात मणी आकसतो’ हे लेखनातील विधान खरे आहे. ‘म्हणून औषध आत राहते’ हा त्याला जोडलेला पुढचा भाग लहान आणि विद्राव्य रेणूंच्या बाबतीत टिकत नाही.

दुसरी गोष्ट आम्लातून काढलेल्या मण्यांत दिसली. आम्लातील हायड्रोजन आयन कॅल्शियमला खोबणीतून बाहेर काढतात आणि मणी कॅल्शियम अल्जिनेटचा न राहता अल्जिनिक आम्लाचा होतो. तो मणी पीएच ६.८ ला नेला की कार्बॉक्सिल गटांवर पुन्हा भार येतो, पण साखळ्यांना बांधणारा कॅल्शियम आता फारसा उरलेला नसतो, त्यामुळे तो थेट बफरमध्ये टाकलेल्या मण्यापेक्षा लवकर विरघळतो. ही तुलना आज दोन्ही प्रकारचे मणी शेजारशेजारी ठेवून केली : एका बास्केटमधील मणी फुगून गोलच होते, तेव्हा दुसऱ्या बास्केटच्या तारांना फक्त चिकट, पारदर्शक थर उरला होता. म्हणून आम्लाची पायरी वगळून केलेल्या चाचणीचे निकाल तोंडावाटे घ्यायच्या औषधाला लावू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

२८ जून

आजचा दिवस बफरसाठी दिला. मणी पीएच ६.८ ला फुटतो तो पीएचमुळे की बफरमधील फॉस्फेटमुळे, हे वेगळे करायचे होते. फॉस्फेट कॅल्शियमला धरतो आणि न विरघळणारा कॅल्शियम फॉस्फेट तयार होतो. सोडियम आयनही कॅल्शियमची जागा घेतात. त्याच पीएचचे ट्रिस बफर केले. त्यात फॉस्फेट नसतो.

आम्लाच्या पायरीविना थेट दोन बफरमध्ये मणी ठेवले. फॉस्फेटमध्ये तासाभरात मणी दुप्पट-तिप्पट फुगले आणि माध्यमात किंचित दुधी छटा आली. ट्रिसमध्ये तेच मणी दुपार उलटून गेली तरी शाबूत होते. फुगले, पण कडा धारदार राहिल्या. पीएच तोच, तापमान तेच, आणि तरी औषध सुटण्याच्या वेगात ढोबळ फरक. म्हणजे ‘आतड्यात जेल विरघळते’ असे जे आपण सहज लिहितो, त्यातील मोठा वाटा आतड्याचा नसून बाटलीतील फॉस्फेटचा असू शकतो. आतड्यातील रसात आम्लता सांभाळण्याचे काम मुख्यतः बायकार्बोनेट करतो, आणि औषधकोशातील बफरइतका फॉस्फेट तिथे नसतो.

दुधी छटेबद्दल एक तांत्रिक नोंद. असा गढूळपणा प्रकाश विखुरतो आणि ॲब्सॉर्बन्स खोटा वाढवतो, त्यामुळे औषध प्रत्यक्षापेक्षा जास्त सुटल्यासारखे दिसते. प्रत्येक नमुना गाळल्यानंतर ४०० नॅनोमीटरलाही मोजावा. तिथे आमची दोन्ही औषधे प्रकाश शोषत नाहीत, म्हणून तिथे आकडा दिसला तर तो गढूळपणाचाच समजावा.

५ जुलै

कायटोसॅनकडे वळण्यापूर्वी त्याच्या कच्च्या मालाचे काम. मेच्या अखेरीस ससून डॉकवरून कोळंबीची सालं आणून, धुऊन, वाळवून ठेवली होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे आत्ता तिथे ताजा माल मिळणे कठीण. १८७५ पासून चालू असलेल्या त्या गोदीत पहाटे कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या ओळी बसतात आणि त्यांच्या पायाशी सालांचे ढीग वाढत जातात. पिशवी भरून देताना एका मावशीने विचारले होते, “ह्याचं औषध करणार?” औषध नव्हे, औषधाचे वेष्टण, असे सांगितल्यावर त्यांनी डोकी वेगळी काढून फक्त अंगाची सालं निवडून दिली. त्यांची निवड अचूक होती, कारण डोक्यात प्रथिने आणि चरबी अधिक असल्याने पुढची धुलाई वाढते.

कुटलेली सालं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकताच कॅल्शियम कार्बोनेटचा फेस उसळतो. मोठे भांडे घेणे आणि आम्ल थोडे थोडे घालणे अनिवार्य आहे. फेस थांबल्यावर धुऊन, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून प्रथिने काढली. उरलेल्या गुलाबीसर, मऊ पापुद्र्याला कायटिन म्हणतात. ते ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे १०० अंशांवर काही तास ठेवले की साखळीवरील ॲसिटिल गट सुटतात आणि कायटोसॅन मिळते. फ्रेंच शास्त्रज्ञ रूजे यांनी १८५९ मध्ये कायटिन तीव्र अल्कात उकळून आम्लात विरघळणारा पदार्थ मिळवला होता. पद्धतीचा गाभा आजही तोच आहे.

आमचे कायटोसॅन १ टक्के ॲसेटिक आम्लात विरघळले, परंतु द्रावणात बारीक कण तरंगत राहिले, म्हणजे काही भागातील ॲसिटिल गट अजून शिल्लक आहेत. अनुमापनाने ते प्रमाण काढायचे आहे. मण्यांवरील थरासाठी मात्र बाजारातील शुद्ध कायटोसॅनच वापरले जाईल आणि हे घरचे कायटोसॅन केवळ तुलनेसाठी राहील. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचा विचार करता प्रथिनांचा अंश किती उरला हे तपासल्याविना असा पदार्थ औषधाजवळ नेणे मला मान्य नाही.

१२ जुलै

कायटोसॅनवरील अमिनो गटांचा पीकेए ६.५ च्या आसपास असतो, त्यामुळे सौम्य आम्लात त्यांच्यावर धनभार येतो आणि अल्जिनेटच्या ऋणभाराशी त्यांची गाठ बसते. तयार झालेले ओले मणी कायटोसॅनच्या पातळ द्रावणात (पीएच सुमारे ५) अर्धा तास ठेवले. वाळल्यावर हे मणी थोडे पिवळसर आणि खरबरीत दिसतात.

थिओफायलिनवर परिणाम असा : आम्लातील पहिल्या अर्ध्या तासाची उसळी कमी झाली, दोन तासांच्या अखेरीस सुटलेल्या औषधात मात्र फार फरक पडला नाही. फॉस्फेट बफरमध्ये फरक ठळक आहे. मणी फुगतो, पण कवच टिकते आणि विरघळण्याची क्रिया लांबते. गाभ्यातील कॅल्शियम निघून गेला तरी बाहेरची धन-ऋण गाठ तशीच राहते, म्हणून हे घडते असे दिसते. एका मण्याला पात्याने मधोमध कापून पाहिले, तेव्हा बाहेरचा थर धारेखाली करकरला आणि आतून घट्ट पाकासारखा द्रव ओघळला. त्या स्थितीत औषधाला जो काही अडथळा होता तो जेलचा नव्हता, त्या कवचाचा होता.

१८ जुलै

अल्जिनेटची दुसरी बाटली उघडली. कंपनी तीच, नाव तेच, फक्त बॅच वेगळी; आणि २ टक्के द्रावण सुईतून स्पष्टपणे अधिक वेगाने पडू लागले. बॅचसोबत आलेल्या प्रमाणपत्रात श्यानतेची (द्रावणाच्या दाटपणाची) मर्यादा दिलेली आहे आणि दोन्ही बाटल्या तिच्यात बसतात, पण मॅन्युरोनिक आणि गुलुरोनिक यांचे प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. हे प्रमाण शैवालाची जात, त्याचा देठ की पान, आणि तोडणीचा हंगाम यांनुसार बदलते. लॅमिनेरिया हायपरबोरियाच्या देठात गुलुरोनिक जास्त असते आणि त्याचे जेल कडक, ठिसूळ होते. मॅन्युरोनिक जास्त असलेले जेल मऊ आणि लवचिक राहते. ज्या खोबण्यांवर सगळा डोलारा उभा आहे त्यांची संख्याच माहीत नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना कशाच्या आधारावर करायची?

नैसर्गिक पदार्थ निवडायचा तर त्याची ही अस्थिरताही आपली मानून मोजावी लागते. पवईच्या आयआयटीतील सामाईक उपकरण सुविधेत दोन्ही बॅचचे नमुने एनएमआरसाठी (हे प्रमाण काढून देणाऱ्या तपासणीसाठी) द्यायचे ठरले आहे. नमुना आधी सौम्य आम्लाने थोडा तोडून साखळ्या आखूड कराव्या लागतात आणि मोजणी तापवून करावी लागते, नाहीतर दाट द्रावणाचे संकेत पसरट येतात. निकाल येईपर्यंत जुन्या बॅचचे उरलेले अल्जिनेट फक्त तुलनेच्या गटांसाठी राखून ठेवले आहे.

२५ जुलै

चिंचोक्याचे काम आजपासून. भाजून सोललेल्या चिंचोक्याची भुकटी पाण्यात उकळून रात्रभर ठेवली, वरचे स्वच्छ द्रावण काढून त्यात ॲसिटोन घातले, तेव्हा पांढरे, तंतुमय पुंजके वर आले. याच चिंचोक्याची खळ घोंगडीला देतात आणि गिरण्यांत सुताला कांजी म्हणूनही तिचा वापर होत आला. दाट होण्याचा तो गुणच आम्हाला मण्यात हवा आहे. ही बहुशर्करा एकटी साध्या पाण्यात जेल धरत नाही आणि तिला कॅल्शियमची गरजही नाही. तिच्यावर भार नसल्याने आम्ल, फॉस्फेट किंवा सोडियम यांनी तिचे फारसे बिघडत नाही. प्रश्नाच्या दृष्टीने ती म्हणूनच मोलाची आहे : कॅल्शियम निघून गेल्यावरही मण्यात जे दाट द्रव्य उरेल, ते औषधाला किती वेळ धरते हे तिच्यामुळे पाहता येईल.

अल्जिनेट आणि चिंचोक्याची बहुशर्करा समसमान घेतल्यावर थेंब सुईला लोंबकळू लागले व मण्यांना शेपट्या आल्या. अल्जिनेटचे तीन भाग आणि हिचा एक भाग घेतल्यावर मणी पुन्हा गोल झाले. वाळलेले मणी नुसत्या अल्जिनेटपेक्षा थोडे मोठे आहेत.

२ ऑगस्ट

मिश्र मण्यांच्या चाचण्या पूर्ण झाल्या. थिओफायलिनसाठी आम्लातील वेग नुसत्या अल्जिनेटच्या मण्यांपेक्षा किंचितच कमी आहे. फॉस्फेट बफरमध्ये मात्र मणी पसरट, चिकट गोळ्यासारखा झाला तरी औषध सावकाश बाहेर येत राहिले, आणि कायटोसॅनचा थर दिलेल्या मिश्र मण्यांत ही क्रिया सर्वांत लांबली. आठव्या तासाचा नमुना घेतला तेव्हाही गाभ्यात औषध शिल्लक होते.

आकड्यांना सूत्र लावण्याचे कामही आज केले. सुटलेले औषध आणि वेळ यांचा संबंध मांडणाऱ्या कोर्समायर-पेपास सूत्रातील घातांक ‘एन’ गोलासाठी ०.४३ च्या जवळ असेल तर औषध विसरणाने (रेणू दाट भागातून विरळ भागाकडे आपोआप पसरत जाण्याने) सुटते असे मानतात, ०.८५ च्या जवळ असेल तर पॉलिमरच्या साखळ्या सैल होण्याची क्रिया वेग ठरवते, आणि मधले मूल्य दोन्ही चालू असल्याचे सांगते. हे सूत्र औषधाच्या पहिल्या ६० टक्क्यांनाच लावायचे असते. ०.५ आणि १ ही अनेक ठिकाणी आढळणारी मूल्ये सपाट पटलासाठी आहेत, मण्यांसाठी नव्हेत. आमच्या थिओफायलिनच्या मण्यांचा घातांक आम्लात विसरणाच्या बाजूला पडतो, हे २४ जूनच्या निरीक्षणाशी जुळते. फॉस्फेटमधील घातांक मधल्या पट्ट्यात आहे. परंतु ज्या मण्याचा आकार मोजणीदरम्यान दुप्पट होतो आणि ज्याची कड विरघळत जाते, त्याला स्थिर गोलाचे सूत्र लावून एका आकड्यावर यंत्रणा ठरवणे मला पटत नाही. म्हणून घातांकाच्या शेजारी प्रत्येक वेळेचा मण्याचा व्यास आणि उरलेले कोरडे वजन हे दोन स्तंभ तक्त्यात घालण्याचे मॅडमना सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले.

डायक्लोफिनॅकचा १९ जूनचा आलेख प्रबंधात ठेवायचा की नाही, यावर चर्चा झाली. तो ठेवायचा, मात्र त्याच चौकटीत नुसत्या भुकटीची रेषा आणि थिओफायलिनची रेषाही काढायची, म्हणजे वाचणाऱ्याला आम्लातील दोन तासांचा अर्थ स्वतः लावता येईल.

पुढचे काम बायकार्बोनेट बफरचे आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइड सतत उडून जातो आणि पीएच वर चढतो, म्हणून माध्यमात तो वायू मोजून सोडत राहावा लागेल. त्यासाठी झाकणाला दोन भोके असलेली पात्रे मागवली आहेत. ट्रिस आणि फॉस्फेट यांच्या दरम्यान आतड्याची खरी स्थिती कोठे आहे, ते त्या चाचणीत दिसेल. कायटोसॅनचा थर असलेल्या मिश्र मण्यांचा एक गट डेसिकेटरमध्ये आणि दुसरा गट साध्या झाकणाच्या बाटलीत, प्रयोगशाळेच्या उघड्या फळीवर ठेवला आहे. दोन्हींची आर्द्रता आणि औषध सुटण्याचा वेग २ सप्टेंबरला मोजायचा आहे.